एका डोळ्यापुरतं घर

बाहेर ऑगस्टचा पाऊस पत्र्यावर थाडथाड वाजत होता आणि आत दिवाळी चालू होती. अंधेरीतल्या एका स्टुडिओत, प्लायच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात. आकाशकंदील, रांगोळी, फराळाचं ताट, पैठणी नेसलेली सून आणि तिच्याकडे कौतुकाने बघणाऱ्या सासूबाई. समोरून पाहिलं तर सदाशिव पेठेतलं नांदतं घर. मी चार पावलं बाजूला सरकले आणि घर संपलं. भिंतीमागे उघडं प्लाय, त्याला लाकडी टेकू, टेकू हलू नयेत म्हणून वाळूच्या पिशव्या. खिडकीतून येणारं सकाळचं कोवळं ऊन म्हणजे एक मोठा दिवा आणि त्याच्यापुढे आंब्याची डहाळी धरून कंटाळलेला एक मुलगा. सुनेच्या ब्लाउजला पाठीवर ओळीने पाच काळ्या क्लिपा, कागदांच्या गठ्ठ्याला लावतात तसल्या. सासूबाईंच्या पायांत रबरी सपाता होत्या. फोटो कमरेपर्यंतचाच होता.

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. नाटकाचा प्रेक्षक पहिल्या रांगेतूनही बघतो आणि बाल्कनीतूनही. सिनेमातला कॅमेरा फिरतो. जाहिरातीच्या फोटोतला डोळा एका जागी खिळलेला असतो, आणि फोटोतले कपडे-वस्तू ठरवून मांडणाऱ्या स्टायलिस्टचा सगळा धंदा त्या डोळ्याच्या भरवशावर चालतो. त्याला जे दिसत नाही त्यावर दमडी खर्च करायची नाही. जे दिसतं त्यात मात्र सुतभरही सूट नाही, कारण हा डोळा पापणी लवत नाही आणि फोटो पुढे होर्डिंगवर घराएवढा होऊन टांगला जातो.

कामाची सुरुवात कपड्याने होत नाही, एका वाक्याने होते. ‘तिशीतली, शिकलेली, दोन मुलांची आई, आधुनिक पण घरगुती.’ जाहिरात एजन्सीकडून आलेल्या या वाक्याचा कुर्ता करायचा. रंग कोणता, बाही केवढी, टिकली लावायची का, मंगळसूत्र लांब की आखूड, मागच्या फळीवर पुस्तकं ठेवायची की बरण्या? मोठ्या कामात कपडे एकीकडे, सेट आणि प्रॉपर्टी दुसरीकडे आणि खाद्यपदार्थ तिसरीकडे असतात. बजेट आटलं की तिन्ही एकाच बाईच्या गळ्यात. प्रॉपर्टी हा शब्द आपल्या नाटकवाल्यांचाच. फुलदाणीपासून हुक्क्यापर्यंत हातात धरायची किंवा मांडायची प्रत्येक वस्तू म्हणजे प्रॉपर्टी.

मुंबईत हा धंदा फोफावला त्यात जाहिरात कंपन्यांइतकाच इथल्या बाजारांचाही वाटा आहे. जुना ग्रामोफोन, बंद पडलेला टेलिफोन किंवा आरामखुर्ची हवी तर चोर बाजारातली मटन स्ट्रीट. जुनं फर्निचर जोगेश्वरी-ओशिवऱ्याला. कापड मंगलदास मार्केटात, लेस आणि खोटे दागिने भुलेश्वरला, पितळ पायधुणीजवळच्या तांबा काट्याला, दिवे लोहार चाळीत, आणि पहाटे दादरचा फूलबाजार. पुण्यातून कोणी आलं की तांबट आळीचा बंबही मागवला जातो. पुष्कळ वस्तू विकत घेत नाहीत, भाड्याने आणतात. अनामत ठेवायची, वस्तूचा चारही बाजूंनी फोटो काढायचा, वहीत नोंदवायचं आणि जशी नेली तशी परत करायची. कपड्यांचंही तेच. दुकानातून उसन्या आणलेल्या बुटांच्या तळव्यांना मास्किंग टेप चिकटवतात, म्हणजे धूळ लागत नाही. किमतीची चिठ्ठी तोडायची नाही, आत दुमडून टाचायची. काखेत घामाचे पॅड. फोटोत जो कोट घालून बाबा ऐटीत उभे असतात, तो संध्याकाळी दुकानात खुंटीवर परत लटकत असतो.

त्या दिवशीच्या स्टायलिस्टची पिशवी मी उघडून पाहिली, तिच्या परवानगीने. सेफ्टी पिना चार आकारांच्या, दोन बाजूंनी चिकटणारी टेप, क्लिपा, सुईदोरा, पांढरा खडू, कपड्यावरचे केस उचलणारा चिकट रोलर, वाफेच्या इस्त्रीची जादा नळी, ग्लिसरीन, कापूस, कानातल्याच्या फिरक्यांची डबी आणि लिमलेटच्या गोळ्या. गोळ्या कशाला? मॉडेलला चक्कर आली तर. पैठणीच्या निऱ्या तिने आतून टाके घालून बांधल्या होत्या. ‘हलू नका’ असं ती म्हणत नव्हती. हललं तरी बिघडणार नाही अशी सोय तिने करून ठेवली होती.

मग एजन्सीतल्या कोणीतरी सुचवलं, पदरावरचे मोर दिसत नाहीत, पदर गुजराती पद्धतीने पुढे घेऊ या. मोर दिसले असते, पण सदाशिव पेठ गेली असती. स्टायलिस्टने वाद घातला नाही. पदर डाव्या खांद्यावरच ठेवून तिने तो हातावरून पुढे पसरवला. मोर दिसले. या कामात अशी मखलाशी रोज लागते.

डाव्या-उजव्याची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत, पदर डाव्या खांद्यावर. फोटो झाल्यावर मांडणी करणाऱ्याला अक्षरांसाठी जागा हवी असते आणि तो चित्र आरशासारखं उलटं करून टाकतो. मग नथ उजवीकडे जाते, पदर उजवीकडे जातो, नवऱ्याच्या शर्टाच्या गुंड्या बायकी बाजूला लागतात आणि भिंतीवरचं घड्याळ भलतीच वेळ दाखवतं. असा फोटो दिसला की कुठल्याही आजीला काहीतरी खटकतं. दोष मात्र कपडे नेसवणारीच्या नावावर जमा होतो.

ही कला परदेशातून आली असं समजायचं कारण नाही. तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओ आठवा. आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला काळा कोट, गाठ मारूनच ठेवलेला टाय, फणी, पावडरचा डबा, मागे रंगवलेला धबधबा. कोट कोणालाच मापाचा नसे, पण पाठीमागून चिमटीत धरला की समोरून साहेब तयार. त्याही आधी, १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुराणातल्या बायकांना नेसवायचं काय, हा प्रश्न त्याच्यापुढेही होता. त्यासाठी त्याने देशभरची वस्त्रं आणि दागिने डोळ्यांखालून घातले, आणि त्याच्या कितीतरी नायिकांच्या अंगावर आपली नऊवारी आली. त्या छापील देवींवरून घराघरांत देवी कशी दिसते ते ठरलं. याहून मोठं स्टायलिंग मला तरी ठाऊक नाही.

कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानु अथैया यांनीही सुरुवात नियतकालिकांसाठी फॅशनची चित्रं काढण्यापासून केली. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेचं ऑस्कर त्यांना १९८३ मध्ये मिळालं. पण फोटोखाली स्टायलिस्टचं वेगळं नाव छापायची रीत आपल्याकडे रुळली ती उशिरा. ‘एल’ हे फॅशन मासिक १९९६ मध्ये आणि ‘व्होग’ २००७ मध्ये भारतात आलं, तेव्हा कुठे या कामाला मान आणि दर मिळू लागला. त्याआधी मॉडेल स्वतःचे बूट आणि दागिने पिशवीत घालून आणत. १९९५ ची टफ शूजची जाहिरात अनेकांना आठवत असेल. प्रबुद्ध दासगुप्तांचा फोटो, मधू सप्रे, मिलिंद सोमण, अंगावर फक्त बूट आणि एक अजगर. कपडेपटाला इतकं कमी काम क्वचितच पडलं असेल. खटला मात्र चौदा वर्षं चालला, अश्लीलतेचा, शिवाय अजगर वापरला म्हणून वन्यजीव कायद्याचाही. २००९ मध्ये त्यातून सुटका झाली.

खाण्याच्या फोटोंविषयी लोकांना भलतं कुतूहल असतं. थंड बाटलीवरचे थेंब ग्लिसरिनचे असतात, बर्फ ॲक्रिलिकचा असतो, वाफ बऱ्याचदा भिजवून तापवलेल्या कापसाची असते. हे सगळं खरं. पण यालाही हद्द आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर दिसावेत. सरकारी आयोगाने हरकत घेतली आणि ते बंद झालं. तेव्हापासून जाणकार एक पथ्य पाळतात. जे विकायचं ते खरं हवं, भोवतालचं खोटं चालेल. पोहे विकायचे असतील तर दूध डिंकाचं चालतं, दूध विकायचं असेल तर नाही. त्या दिवाळीच्या शूटमध्ये विकायचं होतं तेल. म्हणून तेल खरं होतं, चकल्याही त्यातच तळलेल्या होत्या, फक्त ढिगातून निवडून निवडून सहाच ताटात गेल्या. करंज्यांत सारण नव्हतं. सारणाने पोट फुगतं आणि कडेची मुरड उलगडते.

माझी एकच तक्रार. जाहिरातीतल्या मराठी घरात समई असते, पितळेचे डबे असतात, मोत्याची नथ असते. फ्रीजच्या हँडलला बांधलेला रुमाल नसतो आणि पिशव्यांनी भरलेली पिशवी तर कधीच नसते. स्टायलिस्टला मी हे म्हटलं. ती हसली. म्हणाली, ‘मी ठेवते हो. क्लायंट काढायला लावतो.’

आता कंपन्या संगणकावरच मॉडेल उभी करतात आणि तिथेच तिला साडी नेसवतात. एका दिवसात पन्नास कुर्ते काढा-घालायचं कॅटलॉगचं काम त्यात जाईल, आणि गेलं तर मला फारसं वाईट वाटणार नाही. त्या कामात पाठ मोडते आणि पैसे तीन महिन्यांनी येतात. पण निऱ्यांना आतून टाके घालणारे हात अशाच कामात घडलेले असतात, हेही खरं.

निघताना तिने विचारलं, तुमच्याकडे जुना पितळी स्टोव्ह आहे का? आईचा होता, दिला. मसाल्याच्या जाहिरातीत तो छापूनही आला. अगदी कडेला, धूसर, एक पिवळी रेघ फक्त. आईने ती बरोबर ओळखली. महिन्याने स्टोव्ह परत आला, चिंच लावून घासलेला, लखलखीत. पिन मात्र आली नाही.