जनुक बियाण्यात, निकाल उताऱ्यात

नगरजवळच्या केडगावातून पूर्वेला शेवगाव-पाथर्डीकडे गेलं की कपाशीची रानं लागतात. तिथली बहुतेक कपाशी बीटी आहे. मातीतल्या एका जिवाणूचं, बोंडअळीला मारणारं क्राय१एसी प्रथिन घडवणारं जनुक तिच्या डीएनएत बसवलेलं असतं. या वाणांना 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि जनुक आहे म्हणजे पीक सुरक्षित आहे, असा समज रुजला. तो अपुरा आहे, कारण डीएनए स्वतः प्रथिन बनवत नाही. सातबाऱ्याची मूळ नोंद दप्तरातच राहते आणि व्यवहाराला उतारा लागतो, तसा पेशीत संदेशवाहक आरएनए लागतो. आरएनए पॉलिमरेज हे विकर जनुकाच्या सुरुवातीच्या प्रवर्तक भागाशी जुळतं, दोन धागे थोडे उलगडतं आणि त्यातला एक वाचत जातं. ए दिसला की यू, टी दिसला की ए, जी समोर सी, सी समोर जी. म्हणजे टीएसी वाचलं की एयूजी तयार होतं, आणि बहुधा तिथूनच प्रथिन बांधायला सुरुवात होते. किती उतारे निघतील, हे बऱ्याच अंशी प्रवर्तक ठरवतो. बीटी कपाशीत तो फुलकोबीच्या एका विषाणूकडून घेतला आहे.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की क्राय१एसी पानांत भरपूर, पण पात्या-फुलं-बोंडांत कमी असतं आणि झाडाचं वय वाढेल तसं घटत जातं. अळीला हवं असतं ते नेमकं बोंडच! जनुक मात्र प्रत्येक पेशीत तेच. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत या घटीबरोबर संदेशवाहक आरएनएही कमी झालेला आढळला.

यावर कोणी म्हणेल, 2017 मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं थैमान घातलं ते अळीच प्रतिकारक झाल्यामुळे. ते खरंच आहे, आणि सगळा दोष उताऱ्यावर टाकणं चुकीचं ठरेल. पण ही प्रतिकारशक्ती आली कशी? भारतातल्या अळ्यांवरचं 2014 चं संशोधन सांगतं की त्यांच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकाचे उतारे जोडताना तुकडे गळतात किंवा भलतेच शिरतात. मग क्राय१एसीला आतड्यात चिकटायला धड जागा राहत नाही. म्हणून वाण पारखताना जनुक आहे का, एवढंच पाहून भागणार नाही. पीक शंभर दिवसांचं झाल्यावर बोंडात प्रथिन किती उरतं, हेही मोजून शेतकऱ्याला सांगायला हवं.