पिशवी ते टाकी

2005च्या दिवाळीत ठाण्याच्या घरी मी खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मांडली, दोनशे लिटरची. त्याआधी दहा-बारा वर्षं गोल्डफिश, मोली, एंजल पाळून झाले होते, त्यामुळे आपल्याला मासे कळतात अशी माझी समजूत होती. 2003 मध्ये 'फाइंडिंग नीमो' येऊन गेला होता आणि पोरांना तोच केशरी-पांढरा क्लाउनफिश हवा होता. पोरं निमित्त होती, एवढंच. तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मोठा झालेला मी, मलाच तो हवा होता.

दुकानदाराने मासा पिशवीत घालून दिला आणि सोबत रीतही सांगितली. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, दीड तासाने मासा सोडा. मी ती रीत सत्यनारायणाच्या पूजेइतक्या निष्ठेने पाळली. वर्षभराने त्यात सुधारणा केली. केमिस्टकडून सलाईनचा सेट आणला, नळीचं एक टोक टाकीत, दुसरं खालच्या बादलीत, आणि चाकाने थेंब सावकाश केले. पाहुणे विचारत, मासा आजारी आहे का?

नव्हता. पण व्हायचा. 2005 ते 2009 या काळातली माझी वही उघडली तर आणलेल्या माशांपैकी जवळजवळ निम्म्यांपुढे महिन्याच्या आत फुली आहे. कारणाच्या रकान्यात मी 'नवीन जागा मानवली नाही' असं लिहून ठेवलंय. हे कारण नव्हे, हे माणसांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडले' लिहिण्यासारखं झालं.

खरं कारण 2009 मध्ये कळलं, तेही अपघाताने. तोवर खारेपणा मोजायला माझ्याकडे प्लास्टिकचा, हलत्या काट्याचा हायड्रोमीटर होता. त्यावर टाकीचं पाणी 1.025 दिसायचं, म्हणजे समुद्राइतकं. एका मित्राने त्याचा रिफ्रॅक्टोमीटर आणला. एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरला, तर आकडा 1.029. काट्यावर मिठाची पुटं चढून तो जड झाला होता. पाणी अळणी दाखवत होता आणि मी इमानदारीने मीठ वाढवत होतो. मग आम्ही दुकानातून आणलेल्या पिशवीतलं पाणी मोजलं. 1.019.

पुढे कळलं, की बरेच दुकानदार पाणी मुद्दाम कमी खारं ठेवतात. मीठ वाचतं आणि परजीवीही जरा दबून राहतात. त्यात गैर काही नाही, पण घेणाऱ्याला ते माहीत हवं. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा कमी खारं असतं, म्हणून ते सतत बाहेर झिरपत असतं. तहान भागवायला मासा समुद्रच पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खारेपणा उतरला तर तो बराच तग धरतो. चढला तर कल्ल्यांना नव्या कामाला जुंपून घ्यायला दिवस लागतात. मी त्याला दीड तास देत होतो. चार वर्षं मी तापमान जुळवत बसलो होतो, जे मुंबई-ठाण्याच्या हवेत बहुतेक वेळा आपोआपच जुळलेलं असतं.

सगळेच मृत्यू माझ्या खाती जमा नाहीत, हेही सांगायला हवं. फिलिपिन्समध्ये 1960च्या दशकापासून प्रवाळांतले मासे सायनाइड फवारून, गुंगवून पकडले गेले. असा मासा दिसायला ठणठणीत असतो आणि पुढे केव्हातरी जातो. पण हे वाचल्यावर मला जो सुटकेचा आनंद झाला, तो जरा संशयास्पदच होता.

आकडे जुळले, पण 2012 मध्ये वेगळाच धडा मिळाला. एक देखणा टँग मी रीतसर, खारेपणा मोजून सोडला. आठवड्यात त्याच्या पंखांवर साखरेच्या दाण्यांसारखे ठिपके, आणि पंधरवड्यात सगळ्या टाकीवर. हा क्रिप्टोकॅरिऑन. हा परजीवी काही दिवस माशाच्या अंगावर काढतो, मग गळून वाळूत कवच करून बसतो आणि फुटून पुन्हा मासा शोधतो. औषध तांब्याचं, पण तांब्याने झिंगे आणि शंख-शिंपल्यातले जीव मरतात, म्हणून मुख्य टाकीत ते घालता येत नाही. उरलेले तीन मासे बाहेर काढून मी ती टाकी 76 दिवस माशांविना चालवली. घरी येणारा प्रत्येकजण विचारायचा, रिकामी टाकी का चालू? मी वीजबिलाकडे बघत गप्प बसायचो.

तेव्हापासून गॅलरीत साठ लिटरची दुसरी टाकी आली. वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एक स्पंज फिल्टर. नवा मासा महिनाभर इथे. आणि इथेच एक साधी गोष्ट सुचली, जी खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. दुकानातल्या पाण्याचा आकडा विचारायचा आणि गॅलरीतली टाकी आधीच त्या आकड्यावर आणून ठेवायची. मग मासा आला आणि तापमान जुळलं की सोडला. वाटी नाही, नळी नाही. खारेपणा नंतर रोज थोडाथोडा चढवायचा.

2015 मध्ये चेन्नईहून विमानाने मासे मागवले, तेव्हा तर जुनी रीत घातक निघाली. पिशवी तीस तास बंद होती. आतला कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लाकडे झुकतं, त्यामुळे माशाने सोडलेला अमोनिया त्यातल्या त्यात निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. मला हे ठाऊक नव्हतं. जुन्या सवयीने मी दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत राहिलो, आणि मासे त्या बादलीतच धापा टाकू लागले. पाचातले दोन वाचले.

सलाईनची नळी मात्र अजून खिळ्याला आहे. झिंगे आणि तारामासे यांना माशासारखं मीठ आवरता येत नाही. बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं. त्यांना थेंबांनीच घ्यावं लागतं, दोन-तीन तास.

गॅलरीतल्या टाकीला मी पहिल्यापासून क्वारंटाइन म्हणायचो आणि प्रत्येकाला त्याचा अर्थ समजावून सांगायचो. मार्च 2020 नंतर कोणी विचारलं नाही. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारत, "तुमच्यातल्याचे किती दिवस राहिले?"

मासे हल्ली वेगळे येतात. विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांनी क्लाउनफिशची पैदास हॅचरीत करून दाखवली. हॅचरीत वाढलेल्या माशाने समुद्र पाहिलेलाच नसतो. काच त्याला नवी नाही आणि दाणेही तो पहिल्या दिवशी टिपतो. जंगली माशाला खायला लावण्यात माझे आठवडे गेलेत.

मुख्य टाकीतला जुना डॅमसेल मात्र कोणालाच रुळू देत नाही. नवा आला की मी दिवे बंद करतो, त्याला भाजीच्या जाळीदार प्लास्टिकच्या परडीत घालून ती तीन दिवस टाकीत अडकवून ठेवतो. डॅमसेल परडीला धडका देतो, दमतो, आणि मग कंटाळतो.

सध्या गॅलरीत क्लाउनफिशची जोडी आहे. आज एकोणिसावा दिवस, आकडा 1.023. परडी धुऊन वाळत घातली आहे.