स्की-बोट विजेवर : प्रश्न मोटारीचा नव्हे, बॅटरीचा

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्याच्या विस्तीर्ण जलाशयावर जलपर्यटनाची योजना शासनाने हाती घेतली आहे. वेगवान बोटींबरोबर पेट्रोल, धूर आणि गोंगाटही येतो. नाग व कन्हान नद्यांतून नागपूरचे सांडपाणी आधीच या पाण्यात मिसळते आणि ढिवर समाजाची मासेमारी याच पाण्यावर चालते. तेलाच्या तवंगाची त्यात भर पडू नये, यासाठी स्कीपटूला ओढणारी पेट्रोल-बोट विजेवर चालविता येईल काय?

तांत्रिकदृष्ट्या येईल. इंजिन, इंधनाची टाकी व धुराची नळी काढून विद्युत मोटार, नियंत्रक, बॅटरी आणि चार्जर बसवावा लागतो. दांडा तोच राहू शकतो. पंखा मात्र मोटारीला अनुरूप निवडावा लागतो. सुरुवातीपासूनच पूर्ण जोर देणे हा मोटारीचा गुण स्कीपटूला पाण्यातून वर खेचताना उपयोगी पडतो.

खरी अडचण ऊर्जेच्या साठ्याची आहे. समजा, ओढताना ७० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ५२ किलोवॅट लागतात. ३० युनिटच्या बॅटरीतील २४ युनिट वापरले, तरी बोट जेमतेम २५ मिनिटे धावेल. या बॅटरीचे वजन सुमारे २०० किलो भरते. तेवढेच काम साधारण १० लिटर, म्हणजे साडेसात किलो पेट्रोल करते. शिवाय हे वजन योग्य जागी न ठेवल्यास बोटीचा तोल बिघडतो. बॅटरीची पेटी जलरोधक हवी आणि वीज तत्काळ तोडणारा खटका चालकाच्या हाताशी हवा.

वेग कमी केला, की हेच गणित पालटते. केरळमध्ये २०१७ पासून वैकम येथे ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट संथ गतीने फेऱ्या मारीत आली आहे. त्यामुळे गोसीखुर्दमध्ये सहलीच्या संथ बोटी आधी विजेवर आणणे शहाणपणाचे ठरेल. स्की-बोटीसाठी छोट्या फेऱ्या आणि धक्क्यावर जलद चार्जिंगची सोय असा मार्ग उरतो. विजेची बोट जलाशयातील जुनी घाण काढणार नाही. नवी मात्र घालणार नाही.