भाड्याच्या गाळ्यातील चित्रशाळा

14 एप्रिल जवळ आला की प्रत्येक वस्तीत एखादा पेंटर रात्र रात्र जागून बाबासाहेबांचा फलक रंगवतो. जयंती संपते, फलक गुंडाळून माळ्यावर जातो आणि पेंटरचे नाव विसरले जाते. सातासमुद्रापलीकडच्या एका चित्रकार संस्थेचा इतिहास वाचताना ही उणीव आम्हाला प्रकर्षाने जाणवली.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे चिनी व फिलिपिनो स्थलांतरितांची जुनी वस्ती. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी झाली, ती 1943 मध्ये उठली. फिलिपिनो मजुरांनी शेतांत घाम गाळला. परंतु कॅलिफोर्नियात गोऱ्यांशी विवाह करण्यास त्यांना 1948 पर्यंत मनाई होती. कित्येकजण एकटेच राहिले आणि म्हातारपणी ‘इंटरनॅशनल हॉटेल’ या इमारतीतील स्वस्त खोल्यांत दिवस कंठू लागले. विवाहावरचा पहारा म्हणजे काय, हे जातीने पोळलेल्या आपल्या समाजाला सांगायला नको.

याच इमारतीच्या एका गाळ्यात 1972 साली जिम डाँग, लोरा जो फू आणि माइक चिन या तरुणांनी ‘कर्नी स्ट्रीट वर्कशॉप’ सुरू केली. वस्तीतल्या लोकांना तेथे कला शिकवली जाई. स्क्रीन प्रिंटिंगवर त्यांचा विशेष भर. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढायची, की पोस्टर तयार! मोठे यंत्र नको, मोठे भांडवल नको. गरिबांच्या चळवळीला याहून सोयीची कला कोणती?

इमारत पाडण्याचा घाट 1968 पासूनच होता. भाडेकरू लढले, चित्रकारांनी साथ दिली. अखेर 4 ऑगस्ट 1977 च्या पहाटे पोलिसांनी हजारोंची मानवी साखळी तोडून वृद्धांना बाहेर काढले. संस्थेचा गाळाही गेला. पण संस्था टिकली; तिने पन्नाशी ओलांडली. 2005 साली त्याच जागी ज्येष्ठांसाठी परवडणाऱ्या घरांची इमारत उभी राहिली. संस्थेची पोस्टरे व कागदपत्रे सांता बार्बरा येथील विद्यापीठाच्या संग्रहात जतन झाली आहेत.

आपल्या फलकांचे काय? प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. फलकाचा फोटो, वर्ष आणि रंगवणाऱ्याचे नाव त्यात लिहावे. खर्च एका वहीचा. नाही केला तर आपल्या कलावंतांची आठवण उंदीर कुरतडतील. येत्या जयंतीपासून सुरुवात करू या.

जय भीम!