प्रकाशाची चिमटी

मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. तेथील जिनिंगच्या कारखान्यात उन्हाचा कवडसा उतरला, की त्यात कापसाचे तंतू भिरभिरताना दिसतात. कवडसा त्यांना धरू शकत नाही; परंतु त्यांहून अतिसूक्ष्म अशा अणूला मात्र प्रकाश धरू शकतो.

रुबिडियम धातूच्या वाफेतील अणू नेहमीच्या तपमानाला सेकंदास सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. त्याला आवरण्यासाठी समोरून लेसर किरणांचा मारा करतात. प्रकाशाच्या एका कणाच्या धक्क्याने अणूचा वेग सेकंदास जेमतेम ६ मिलिमीटरने घटतो. असे सुमारे ५०,००० धक्के बसले, म्हणजे तो जवळजवळ थांबतो. एरवी तापविणारा प्रकाश येथे निववितो, हे नवलच! या युक्तीबद्दल तिघा शास्त्रज्ञांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हा अणू धरावा कसा? त्याच्यातील धन व ऋण विद्युत्‌भार तर समसमान असतात. पण केसांवर घासलेला कंगवा भार नसलेल्या कागदाच्या कपट्यालाही ओढतोच. कारण कंगवा जवळ येताच कपट्यातील भार किंचित सरकतात. तीव्र लेसर प्रकाशात अणूचेही तसेच होते, आणि प्रकाशाचा रंग नीट निवडला, तर अणू सर्वांत तेजस्वी बिंदूकडे ओढला जातो. केसाच्या जाडीएवढी भिंगे काचेवर रांगेने घडविली, की प्रत्येक भिंगासमोर असा एकेक बिंदू उमटतो. भिंग लांबट असेल, तर तेजाची रेषा उमटते आणि पाटातून पाणी जावे तसे अणू तिच्यातून जातात.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही अशा थंड अणूंवर प्रयोग चालतात. ते निर्वात पेटीतच करावे लागतात. हवेचा एखादा भरकटलेला कण येऊन आदळला, की चिमटीतला अणू निसटलाच.