'द हे वेन' : निसर्गचित्रातील भाववृत्ती आणि अर्थ

ग्रामीण निसर्गचित्राविषयी लिहिताना 'शांत', 'प्रसन्न' अशी विशेषणे योजून आपण बहुधा थांबतो. परंतु भाववृत्तीची नोंद म्हणजे अर्थनिर्णय नव्हे. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे 'द हे वेन' (१८२१) हे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील तैलचित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

सफक परगण्यातील फ्लॅटफर्ड येथे स्टूर नदीच्या उथळ पात्रात गवत वाहण्याची रिकामी घोडागाडी शिरली आहे. डावीकडे विली लॉटचे घर, अलीकडच्या काठावर एक कुत्रा, वर ढगांनी भरलेले आकाश. कॉन्स्टेबलने हे चित्र 'निसर्गदृश्य : मध्यान्ह' या नावाने प्रदर्शित केले होते. मात्र मध्यान्हीचा हा प्रकाश सर्वत्र सारखा नाही. घर आणि जवळचे पाणी सावलीत आहे, तर पलीकडचे कुरण उजळलेले. दृष्टी विसावते ती त्या उजेडात. आणि तेथेच गवतकापणीचे कष्टाचे काम चालू आहे. मजूर मात्र इतके लहान आहेत की ते प्रकाशाचे ठिपकेच वाटावेत. (छापील प्रतीत ते बहुधा दिसतच नाहीत, वर्गात प्रतीवरून शिकविणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.)

ही शांतता रचलेली आहे. चित्र लंडनमधील चित्रशाळेत, पूर्वीच्या अभ्यासचित्रांच्या आधारे तयार झाले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील पूर्णाकृती कच्च्या चित्रात कुत्र्याजवळ एक घोडेस्वार आहे. अंतिम चित्रातून तो वगळला गेला. कॉन्स्टेबलचे वडील फ्लॅटफर्डच्या गिरणीचे मालक, म्हणजे हा प्रदेश त्याला मालकाच्या बाजूने परिचित होता. नेपोलियनविरुद्धचे युद्ध १८१५ मध्ये संपल्यावर धान्याचे भाव कोसळले, आणि पूर्व इंग्लंडात १८१६ व पुन्हा १८२२ मध्ये शेतमजुरांचे उठाव झाले. त्याची खूण येथे कोठेही नाही.

जॉन बॅरेल यांनी 'द डार्क साइड ऑफ द लँडस्केप' (१९८०) या ग्रंथात कॉन्स्टेबलच्या मजुरांचे हे दूरस्थ असणे सामाजिक ताणाशी जोडले. त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. पण त्यावरून या चित्राला केवळ दडपणूक ठरविणे मला घाईचे वाटते. श्रम नजरेआड करणेच हेतू असता, तर चित्राच्या मध्यभागी गवताची गाडी कशाला? ती रिकामी आहे, आणि पात्र ओलांडून त्याच कुरणाकडे निघाली आहे.