कान काय सांगतात?

ज्याचे कान लांब तो दीर्घायुषी, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. बुद्धाच्या मूर्तीचे लांब कान पाहिले की ती अधिकच पक्की होते. घरातील आजोबांकडे पाहावे, तर त्यांचेही कान चांगले मोठे दिसतात. मग ही समजूत खरी मानावी काय?

इंग्लंडमधील डॉ. जेम्स हीथकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०६ जणांचे कान मोजून १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. वयाबरोबर कानाची लांबी दरवर्षी सरासरी ०.२२ मिलिमीटर वाढते. म्हणजे ५० वर्षांत सुमारे एक सेंटिमीटर! तेव्हा कान लांब म्हणून माणूस पुष्कळ जगत नाही. तो पुष्कळ जगला म्हणून कान लांब होतो. आम्हा वाणिज्य शाखेच्या भाषेत, जमेची रक्कम चुकून नावे पडली.

दुसरी गोष्ट पाळीवरच्या घडीची. कानाच्या छिद्राजवळून पाळीच्या मागच्या कडेपर्यंत काहींच्या कानावर तिरपी रेघ असते. १९७३ साली अमेरिकेतील डॉ. सँडर्स फ्रँक यांनी ती २० रुग्णांत पाहिली आणि हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराशी तिचा संबंध असावा, असे लिहिले. रोमन सम्राट हेड्रियन याच्या पुतळ्यांच्या कानांवरही ही घडी दिसते. पुढे अनेक पाहण्यांत असा संबंध आढळला, काहींत आढळला नाही. मुख्य अडचण अशी की, वय वाढते तसे घडीचे प्रमाणही वाढते आणि हृदयविकाराचेही.

माझ्या वडिलांच्या दोन्ही पाळ्यांवर ही घडी आहे. परंतु खतावणीत एखादी नोंद संशयास्पद दिसली म्हणून लेखापरीक्षक लगेच अफरातफर झाली असे लिहीत नाही. तो पावत्या मागतो. शरीराच्या पावत्या म्हणजे रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल. वडील बावन्न वर्षांचे आहेत आणि तंबाखू खातात. पाळ्या गुळगुळीत असत्या तरी त्यांची तपासणी व्हायलाच हवी होती. महिनाभर मागे लागून मी त्यांना दवाखान्यात नेले. रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली. तंबाखूचा हिशेब मात्र अजून बाकी आहे.

घडी असली म्हणून घाबरू नये, नसली म्हणून निर्धास्तही राहू नये. छातीत दुखू लागले, चालताना दम लागू लागला, तर आरशात कान पाहत बसण्यापेक्षा तडक डॉक्टरांकडे जावे, हेच शहाणपणाचे.